नवी गाडी, दोन घंट्या

"नाक्यापासून टिंग टिंग करून राहिली ही," चंपतराव पुटपुटले. इतक्या हळू, की फक्त शेजारच्या सीटवर बसलेल्या गोपिकाबाईंनाच ऐकू गेलं. "यष्टीतला कंडक्टर परवडला. तो निदान मागं पाहून तरी घंटी मारे."

"नवी आहे," गोपिकाबाई म्हणाल्या. "नव्या सुनेसारखी सुरुवातीला बोलते थोडी. मग होते गप्प."

"मी मागंच बसली आहे, आई," भूमिका म्हणाली.

"तुले कुठं म्हटलं वं? तू तर अजून गप्प झाली नाहीस."

सगळे हसले. हसणं झालं, आणि गाडीत पुन्हा फक्त एसीचा आवाज उरला. सकाळी उठल्यापासून चौघंही असंच हसत होते, थोडं थोडं, पाहुण्यांसमोर फराळ खावा तसं.

गाडी रोहितची, म्हणजे त्यांच्या मुलाची. सकाळी तेलंगखेडीच्या हनुमानाजवळ पूजा झाली. पुढच्या जाळीवर झेंडूचा जाडजूड हार चढला, काचेवर वरच्या बाजूला कुंकवाचं स्वस्तिक निघालं, चारी चाकांखाली लिंबं ठेवून चंपतरावांनीच ती चिरडली. मग रोहितनं किल्ली त्यांच्याच हातात राहू दिली आणि म्हणाला, "हायवेवर पहिल्यांदा तुम्हीच काढा, बाबा." हा शब्द त्यानं मागच्या वर्षी दिला होता. मागचं वर्ष आणि हे वर्ष यांच्या मधे एक दवाखाना येऊन गेला होता, पण शब्द तर देऊन झाला होता.

दिवाळीनंतर एका सकाळी चंपतराव मोरीच्या दारात पडले. फार काही नाही, असं सगळ्यांनी सगळ्यांना सांगितलं. डॉक्टरांनी दोन दिवसांत घरी सोडलं आणि जाता जाता म्हणाले, मेंदूचा झटका छोटा होता, पण नजरेवर परिणाम झालेला असू शकतो, डोळे तपासून घ्या. घरात "हाव, घेऊ" झालं. मग संत्र्याचा हंगाम आला, मग लग्नसराई, मग ऊन. नागपुरात ऊन सुरू झालं की कोणतंही काम पुढं ढकलायला वेगळं कारण लागत नाही.

तेवढ्या काळात गोपिकाबाईंनी घरात एकच बदल केला. ताटात डावीकडे वाढायची चटणी त्या उजवीकडे, भाजीच्या शेजारी वाढू लागल्या. कारण डावीकडची चटणी दोन-चार दिवस तशीच परत आली होती, आणि वर हे विचारत होते, आज चटणी नाही काय. भूमिकेनं ते एकदा पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून तीही उजवीकडे वाढू लागली. दोघींमध्ये या विषयावर एक शब्द झाला नाही. तो झाला असता, तर पुढचे शब्दही बोलावे लागले असते.

शहरात चंपतराव जुनी गाडी चालवत तेव्हा गोपिकाबाई शेजारी बसून सतत बोलत. डावीकडून स्कूटर. गाय आहे हं. तो ऑटोवाला घुसून राहिला पाहा. गल्लीतले लोक म्हणत, गाडी चालवते बाई आणि स्टेअरिंग धरतो बाबा. त्या हसण्यावारी नेत.

पण आज समृद्धी महामार्गावर चढल्यापासून त्यांचं हे सांगणं बंद होतं. एक तर सांगायला काही नव्हतंच. गाय नाही, स्कूटर नाही, मोकळा पांढरा रस्ता, दोन्ही बाजूंना कापलेली टेकडी. आणि दुसरं, त्या नवऱ्याचा चेहरा पाहत होत्या.

चंपतरावांनी जन्मभर काटोल-नरखेडची यष्टी चालवली. यष्टीच्या इंजिनला वेगाचं कुलूप, आणि मागं उभे प्रवासी, संत्र्याच्या टोपल्या, कुणाची बाळंतीण लेक. खड्डा दिसला की आधी तिचा विचार करायचा. जोरात गाडी हाकणं म्हणजे काय, ते या माणसाला निवृत्त होईपर्यंत माहीत नव्हतं. आता काटा ऐंशीवर गेला, शंभरावर गेला, आणि गाडीत पेल्यातलं पाणीसुद्धा हललं नाही. रस्ता जणू आपणहून पोटाखाली ओढला जात होता. गोपिकाबाईंच्या पायाची बोटं चपलेत आपोआप वळली. भीतीनं नाही. त्यांनाही ते आवडत होतं, आणि ते आवडतं आहे याचंच त्यांना नवल वाटत होतं. चंपतरावांच्या मानेवरच्या शिरा ताठ झाल्या होत्या, तोंड किंचित उघडं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी हा माणूस असा दिसायचा.

टिंग टिंग.

आणि दर टिंग टिंगला त्यांचा पाय थोडा आणखी खाली जात होता. गोपिकाबाईंच्या ते ध्यानात आलं तेव्हा त्यांना हसू आलं आणि लगेच त्यांनी ते आवरलं. यष्टीत एक घंटी म्हणजे थांबा. दोन घंट्या म्हणजे चला. त्यांचा पाय डोक्याला न विचारता जन्मभराची सवय पाळत होता.

गाडी घेताना शोरूममधल्या पोरीनं नीट समजावून सांगितलं होतं. गाडी पांढऱ्या पट्टीवर सरकली की घंटी वाजेल, साठच्या वर वेग असला की. चंपतराव तेव्हा टायर दाबून पाहत होते. रोहितनं मात्र ऐकलं होतं. गोपिकाबाईंनीही.

"बाबा, तो हार आहे ना समोर," रोहित मागून म्हणाला, "त्याच्यानं सेन्सर झाकला असंल."

"मलेही तेच वाटून राहिलं."

पेट्रोलपंपावर गाडी थांबवून रोहितनं हार सोडला. सकाळचाच हार, अजून ओलसर होता. गोपिकाबाईंनी तो मांडीवर घेतला. गाडी पुन्हा शंभरावर गेली आणि पुन्हा टिंग टिंग.

येळाकेळीच्या फाट्याला उतरून परतीला वळायच्या आधी भूमिका म्हणाली, "काचेवरचं कुंकू असेल. कॅमेरा वरच असतो." तिनं ओल्या रुमालानं स्वस्तिक पुसलं. नव्या गाडीवरचं स्वस्तिक पूजेच्या दिवशीच पुसताना तिचा हात अडखळला, हे गोपिकाबाईंनी पाहिलं. आता पुसायला गाडीवर काही उरलं नव्हतं. आरशाला टांगलेली लिंबू-मिरची तेवढी होती, आणि ती बिचारी घंटी वाजवत असेल असं म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही.

परतीच्या रस्त्यावर ट्रक लागला. कापसाच्या गाठींनी भरलेला, डावीकडच्या लेनमधून आपल्या चालीनं जाणारा. तो बराच आधीपासून दिसत होता. गोपिकाबाईंना दिसत होता, मागच्या दोघांना दिसत होता. गाडी त्याच्या बरोबरीला आली आणि हळूच, झोपेत कूस बदलावी तशी, त्याच्याकडे सरकू लागली.

टिंग टिंग. चंपतरावांचा पाय खाली गेला.

"ट्रक," गोपिकाबाई म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. चटणी वाढताना बोलावं तसं म्हणाल्या.

स्टेअरिंग उजवीकडे झटकलं गेलं. ट्रकच्या गाठींवरची ताडपत्री खिडकीच्या काचेजवळून फडफडत मागे गेली, आणि त्याचा हॉर्न बराच वेळ कानात राहिला. पुढचा पंप आला तेव्हा चंपतरावांनी न विचारता गाडी आत घेतली.

"जेवून घेऊ," रोहित म्हणाला. जेवायची वेळ झालीच होती, एवढी एक गोष्ट त्या दिवशी खरी होती.

पंपामागच्या सावलीत सिमेंटचा बाक होता. गोपिकाबाईंच्या मांडीवर अजून हार होता, म्हणून डबा रोहितनं सोडला. कागदी ताटल्या मांडल्या. पोळ्या, पाटवडी, वांग्याची भाजी, आणि डावीकडे हिरव्या मिरचीचा ठेचा. लहानपणापासून ताट जसं वाढलेलं पाहिलं, तसंच त्यानं वाढलं. स्वयंपाकघरातला बदल त्याला माहीतच नव्हता. त्याला फक्त घंटी माहीत होती.

चंपतरावांनी दोन घास खाल्ले.

"ठेचा नाही आणला काय वं आज?"

रोहितचा हात पाण्याच्या बाटलीवर तसाच राहिला. त्यानं वडिलांच्या ताटलीकडे पाहिलं, मग आईकडे.

"आई विसरल्या असतील," भूमिका म्हणाली. ताटलीत दिसणारा ठेचा आणायचा राहिला, असं खोटं बोलायला मोठं मन लागतं. गोपिकाबाईंना त्या क्षणी सुनेबद्दल जेवढी माया वाटली, तेवढी लग्नात ओटी भरतानाही वाटली नव्हती.

त्यांनी हात लांब केला आणि नवऱ्याची ताटली अर्धी फिरवली.

ठेचा फिरून उजवीकडे आला. चंपतराव त्याच्याकडे पाहत राहिले. मग बोटाला लावून चाखला.

"मीठ कमी आहे."

"घाईत केला."

"घरी तू उजवीकडं वाढून राहिली," ते म्हणाले. "दिवाळीपासून. मी म्हटलं, बोलंल कधी तरी."

"मी म्हटलं, तुम्ही बोलाल."

"बाबा, गाडी परत दाखवू शोरूमले," रोहित घाईनं म्हणाला. "सेन्सरमधेच काही तरी..."

"राहू दे गा." चंपतरावांनी खिशातून किल्ली काढली. तिला सकाळी बांधलेला लाल धागा त्यांनी अंगठ्यानं नीट केला, आणि किल्ली भूमिकेच्या ताटलीशेजारी ठेवली. "घरपर्यंत तू ने. हळू ने, मागं तुझी सासू बसंल." मग ते मुलाकडे वळले, पुरती मान वळवून, तो डावीकडे बसला होता म्हणून.

"गाडी चांगली आहे, बेटा. मले डावीकडचं दिसत नाही."