आगाऊ आभार

माझ्या आईला दम म्हणून नाही. देवाकडे मागावं आणि गप्प बसावं ना? पण आमच्या मेकन गावातल्या काळ्यांच्या चर्चमध्ये मिळण्याआधीच आभार मानायची पद्धत आहे. तिनं त्या रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून हात वर केले आणि म्हणाली, "माझ्या लव्हेलला पाणी तपासायच्या लॅबमध्ये पूर्णवेळ नोकरी मिळाली! देवा, तुझे आभार!"

टाळ्याच टाळ्या. मुलाखत बुधवारी होती.

"अगं आई, अजून कशात काही नाही!" मी कुजबुजलो.

"चूप बस. देवाचा तेवढा अपमान करू नकोस."

केमिस्ट्रीची पदवी घेऊन मला नऊ वर्षं झाली होती. नोकऱ्या तीन, पूर्णवेळ एकही नाही. सकाळी शाळेत बदली मास्तर, दुपारी दुकानात रंगाचे डबे ढवळायचे, शनिवारी पार्सलं. अर्धवेळवाल्याला नोकरीतून औषधोपचाराचा विमा मिळत नाही, म्हणून किडलेली उजवी दाढ तशीच ठेवून मी वर्षभर डावीकडूनच चावत होतो.

बुधवारी लॅबमध्ये समोर मिस्टर हॅस्किन्स बसले होते. आमच्यातलेच, साठीचे, चेहरा आंबट.

"अर्नेस्टीनचा मुलगा ना तू? आमची ओझेला मावशी तुमच्याच चर्चला येते. सोमवारी घरी आली. म्हणाली, आपल्या शिकलेल्या पोराला पूर्णवेळ घेतलंस, शाब्बास! आणि अख्खा पाउंड केक ठेवून गेली."

मेलो! "तुम्ही खरं सांगितलं नाहीत त्यांना?"

"तोंडात केक होता रे!"

"किती खाल्लात, सर?"

"सगळा," ते पडेल आवाजात म्हणाले. मग माझे कागद उलटले. "कागद चोख आहेत तुझे. पण पूर्णवेळ जागाच नाही माझ्याकडे. दोन अर्ध्या आहेत. एक सकाळची, एक दुपारची."

"सर, नऊ वर्षं मी अर्ध्याला अर्धं जोडतोय. एका छपराखाली कुणी जोडू देत नाही, एवढंच."

बोललो आणि जीभ चावली. गेली हातची, म्हटलं. हॅस्किन्सनी माझ्याकडे पाहिलं आणि फोन उचलून वरच्या साहेबांना लावला. "दोघांना शिकवत बसण्यापेक्षा शिकलेला एकच घेतो. हो, पूर्णवेळ. हो हो, विम्यासकट."

मी धावत घरी आलो. आई गॅसपाशी भेंडी तळत होती.

"आई, मिळाली! पूर्णवेळ!"

"ते रविवारीच झालं," ती वळलीसुद्धा नाही. "हात धू, जेवायला बस."

मी हात धुऊन आलो, तर ती खुर्चीत बसून ॲप्रनमध्ये तोंड खुपसून हमसून हमसून रडत होती. भेंडी करपली होती.

"आई! अगं, झालं काय?"

"तीन रात्री डोळ्याला डोळा नाही रे माझ्या," ती म्हणाली. "वाटलं, तुला तोंडघशी पाडलं मी."

मी तिला जवळ घेतलं. माझाही बांध फुटला. बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसलं आणि माझ्या छातीवर बोट रोखलं.

"आणि हे बघ, हे चर्चमध्ये कुणाला सांगायचं नाही."