झील धरणारा डबा

मी डिले पेडल बोलतोय... बोलतोय. माफ करा हां, एकदा बोललेलं पुन्हा बोलायची खोडच आहे माझी. घाबरलो की ती जास्तच वाढते, आणि घाबरायला मला कारण लागतंच असं नाही.

तुम्ही मला ओळखणार नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो. मी म्हणजे तळहाताएवढा निळा पत्र्याचा डबा. इलेक्ट्रिक गिटारची वायर एका बाजूने माझ्यात शिरते आणि दुसऱ्या बाजूने निघून स्पीकरकडे जाते. गिटारने जे वाजवलं ते मी क्षणभर पोटात ठेवतो आणि मागून पुन्हा म्हणून दाखवतो. किती वेळाने म्हणायचं, किती वेळा म्हणायचं आणि किती मोठ्याने, यासाठी माझ्या डोक्यावर तीन नॉब आहेत. पहिला चांगला बाटलीच्या झाकणाएवढा आहे. खाली एक बटण, ते पायाने दाबायचं. एवढाच माझा संसार.

ठाण्यातल्या एका गाळ्यात माझा जन्म झाला. रसिका नावाच्या बाईंनी माझ्या तारा जोडल्या. खोक्यात घालताना त्या म्हणाल्या, "जा बाबा, चांगल्या घरी पड." तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. चांगलं घर म्हणजे कसलं, आणि तिथे मी टिकणार की नाही?

नाहीच टिकलो. पहिल्या घरून तीन दिवसांत परत, दुसऱ्या घरून पाच दिवसांत. दोघांचीही तक्रार एकच. वाजत असताना पहिला नॉब फिरवला की याचा सूर घसरतो. आता हे खरंच आहे, मी खोटं कशाला बोलू? पोटात सूर असताना कोणी वेळ बदलली की तो सूर ओढला जातो, वाकतो आणि मग जागेवर येतो. माझी घडणच तशी. पण ऐकून कोण घेतो? पुण्याच्या दुकानदाराने माझ्या खोक्यावर चिठ्ठी डकवली, 'उघडलेला नग'. दोनदा नारळ मिळालेल्याने तिसऱ्या दारात कुठल्या तोंडाने उभं राहायचं, सांगा तुम्ही.

तिसरं दार आम्रपालीचं निघालं. ती चिपळूणजवळ अलोऱ्याला एका ऑफिसात कारकून आहे आणि जवळच्याच एका गावात, बौद्धवाडीत राहते. गिटार शिकली पोफळीच्या कॉलनीतल्या एका वायरमनकडून. तिने दुकानातून दोन पेडल मागवले. दोन्ही वाजवून बघायचे, एक ठेवायचा आणि दुसरा आठ दिवसांत परत करायचा, असं ठरलं होतं. दोनांतला एक मी. दुसरा पांढराशुभ्र, कोरा, पडदा असलेला. त्याच्या पडद्यावर आकडे लुकलुकायचे. पायाने दोनदा टपटप केलं की तो ताल ओळखायचा. मला तर त्याला बघताक्षणीच धडकी भरली. आठ दिवस... आठच दिवस.

आम्रपालीला पेडल कशाला हवा होता, ते ऐका.

वाडीत गायन पार्टी आहे. मुख्य गायक सहदेवकाका, आम्रपालीचे चुलते, पासष्टीचे. त्यांच्या मागे चाळीस वर्षं झील धरली ती आम्रपालीच्या वडिलांनी, हरिश्चंद्रांनी. झील म्हणजे काय, तर पुढच्याने ओळ म्हटली की तिचं शेपूट मागच्याने उचलायचं आणि ओढून धरायचं. तेवढ्यात पुढचा दम खातो. कोणाचं लक्षही जात नाही, पण झील सुटली की गाणं बसतंच खाली.

गेल्या दिवाळीनंतर हरिश्चंद्रांच्या घशातली गाठ काढली. जीव वाचला, आवाज गेला. आता ते बोलतात ते हाताने आणि डोळ्यांनी. तेव्हापासून ते तालमीलाही येईनासे झाले. सहदेवकाकांनी दोघातिघांना मागे बसवून पाहिलं, पण कोणाशी जमेना. दोन कडव्यांत काकांना धाप लागायची. शेवटी ते म्हणाले, "ह्या बुद्ध पौर्णिमेला झील नसंल तर मी उभा रवणार नाय. पार्टी बंद."

पार्टी बंद म्हणजे अण्णा, तिचे वडील, कायमचे घरात बसणार, हे आम्रपालीने ओळखलं. तिच्या डोक्यात आलं, ओळीचं शेपूट गिटारवर वाजवायचं आणि पेडलने ते ओढायचं. कल्पना चांगली होती हो. पण अशा चांगल्या कल्पनांनीच माझं दोनदा वाटोळं केलेलं.

घरी पहिले पाच दिवस आमची परीक्षा चालली. ऑफिसातून आली की ती मोबाइलवर ठोका लावायची आणि एकदा त्याला, एकदा मला वाजवायची. तो ठोक्याला ठोका देणारा, चोख. माझा नॉब हाताने जुळवावा लागायचा. दोन्ही हात गिटारवर असताना तिसरा हात आणायचा कुठून? तिची आई, सुंदराबाई, फणसाचे गरे काढत बसलेली असायची. ती एकदा म्हणाली, "निळो बरो दिसतो गो." मी हुरळलो. आम्रपाली म्हणाली, "आये, दिसण्यावर काय हाय?" आणि मी पुन्हा खाली आलो.

गुरुवारी तिने मला खोक्यात घातलं. शनिवारी अकराला अलोऱ्यात कुरिअरवाला येणार होता. वरची पट्टी तेवढी चिकटवायची राहिली होती. त्या फटीतून मला हरिश्चंद्र दिसायचे. भिंतीला टेकून बसलेले, मांडीवर बोटं हलवत. मनात काही म्हणत असावेत. सूर पोटात धरून बसण्यात आम्ही दोघे सारखेच, असं मला वाटलं, आणि लगेच भीतीही वाटली की हा माणूस आपल्याला शेवटचाच दिसतोय.

शुक्रवारी संध्याकाळी विहारात तालीम होती. पौर्णिमा रविवारवर आलेली. आम्रपालीने पांढऱ्याला पिशवीत घातलं आणि कोण जाणे का, माझा खोकाही बरोबर घेतला. विहारात सतरंजी अंथरलेली, समोर भगवान बुद्धांची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, ढोलकीवर केरू. सगळे मांडी घालून बसले. आम्रपाली एकटीच उभी राहिली, पांढऱ्याला पायापाशी ठेवून.

काकांनी ओळ म्हटली. आम्रपालीने शेपूट उचललं आणि पायाने टपटप केलं.

काका थांबले. केरूची ढोलकी थांबली.

"पाय काढ," काका म्हणाले.

"काका, तो पायानंच चालतो."

"वाद्य हाय ना ता? वाद्याला पाय लावतात? आपण ढोलकी कपाळाला लावून बसतो गो. तुझ्या अण्णानं बघितलंन तर काय म्हणंल?"

घरी पाच दिवस तालीम केली, पण पार्टी जमिनीवर बसते आणि इथे वाद्याला कोणी पाय लावत नाही, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती ओशाळली, खाली बसली. पांढऱ्याला पाटावर ठेवून त्याच्यावर घरचाच ठोका लावून ठेवला. पुन्हा सुरुवात.

आणि पुन्हा घोटाळा. कडव्याच्या शेवटी काका ओळ लांबवतात. चाळीस वर्षांची सवय, मागून हरी ओढणार म्हणून ते जागा ठेवतात. पांढरा थांबतोय कशाला? त्याने आपला ठोक्यावर सूर टाकला, काकांच्या तोंडातल्या शब्दावरच. काका अडखळले आणि खोकत सुटले. केरू म्हणाला, "हा मागून बोलत नाय, मधी बोलतो."

आम्रपालीने मला बाहेर काढलं. मला आनंद व्हायला हवा होता ना? छे! मी त्याच्याहून वाईट निघणार, हे मला पक्कं माहीत होतं. तिने वेळ लावली, वाजवलं, आणि मीही मधेच बोललो.

"ऱ्हावंदे, आमू," काका घाम पुसत म्हणाले. रागाने नाही. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. "यंत्राला काय ठाव माणसाचा दम? परवाचं नाव काढून टाक."

आम्रपाली मान खाली घालून वायर गुंडाळू लागली. तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या पत्र्यावर पडलं. मला पाण्याची भयंकर भीती, पण तेव्हा मी त्याचा विचारही केला नाही.

दारात कोणीतरी खाकरायचा प्रयत्न केला. नुसता वारा आला. हरिश्चंद्र उभे होते. सुंदराबाईने चहाचा थर्मास देऊन पाठवलं होतं म्हणे, पण थर्मास ते ओट्यावरच विसरले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते आत आले, वंदन केलं आणि काकांच्या मागे आपल्या जुन्या जागी बसले. हाताने खूण केली, म्हणा.

"काय करतोस हरी? नुसता बसून काय करशील?"

पुन्हा खूण, म्हणा.

आधी त्यांनी पांढऱ्यालाच जवळ ओढलं आणि बोटाने टपटप केलं. पण त्याला ताल पटायला दोन ठोके लागायचे. तोवर काकांची ओळ पुढे निघून जायची. हरिश्चंद्रांनी मान हलवली आणि त्याला बाजूला सारलं. मग त्यांचा हात माझ्यावर आला. लाकडं तोडलेला, कोयती धरलेला हात. झाकणाएवढा नॉब त्यांच्या बोटांत बरोबर बसला.

मला वाटलं, संपलं. आता हे वाजत असताना फिरवणार. सूर घसरणार. तीच चिठ्ठी, तोच खोका. तोच... तोच खोका.

काकांनी ओळ म्हटली आणि शेवटी लांबवली. आम्रपालीने शेपूट वाजवलं. हरिश्चंद्रांची नजर काकांच्या पाठीवर होती. पाठ श्वासाने फुगली तसा त्यांनी नॉब सावकाश फिरवला. माझ्या पोटातला सूर ओढला गेला, वाकला, खाली घसरला आणि जिथे यायचा तिथे अलगद येऊन टेकला.

काका पुढची ओळ म्हणालेच नाहीत. मागे वळले. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा भावाकडे.

"हरी," ते म्हणाले, "ही तुझीच रे. असाच खाली ओढायचास तू. ह्याच जागेवर."

हरिश्चंद्र हसले. आवाज नाही, पण खांदे हलले. आम्रपालीने सरळ हुंदका दिला. केरूने तिला सावरायचं सोडून ढोलकीवर थाप मारली, आणि काका त्या दिवशी सहा कडवी म्हणाले, धाप न लागता.

शनिवारी अकराला पांढरा गेला. बिचारा काही वाईट नव्हता, त्याला चांगलं घर मिळो. माझ्या खोक्यात आता सुंदराबाई सुया ठेवते. पौर्णिमेला आम्ही गायलो. काकांनी माईकवर सांगितलं, "झीलकरी हरिश्चंद्र." मला कोणी नावाने हाक मारली नाही. बरं झालं, घाबरून मी शिटी वाजवली असती.

आज मी पाटावर असतो, आधी ढोलकीसारखा कपाळाला लागून. चिठ्ठीची भीती गेली. पण काळजी कुठे सुटते? आता मला हरिश्चंद्रांच्या हाताची काळजी लागलीय. परवा तपासणीला चिपळूणला गेले होते. आल्यावर नॉब धरला तेव्हा बोटं थरथरत होती आणि माझा सूर जरा जास्तच हलला. काका म्हणाले, "चालंल रे, दमानं."

म्हणून आम्रपालीला माझं एक सांगणं आहे. एखाद्या दिवशी तो हात आला नाही, तर लगेच मला खोक्यात घालू नको, पोरी. काकांच्या मागे, त्या जागेवरच राहू दे. ओळ संपली की काका जागा ठेवणारच. तेव्हा तूच हात पुढे कर आणि नॉब सावकाश फिरव. कसा ते मला ठाऊक आहे. त्यांनी मला शिकवलंय... शिकवलंय.