दुसऱ्या ओळीची चूक

मित्रांनो, मला हात नाहीत, चाकं नाहीत, कपाटातून काढून कुणी मला पुसतही नाही. मी एकशे बारा ओळींची एक जुनी चाचणी आहे, आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. गेले दोन महिने मला 'दुरुस्त' करणं चालू होतं, त्याची ही हकीकत.

आधी माझं काम सांगते. संगणकात कर्नल नावाचा एक मूळ प्रोग्राम असतो. बाकीचे सगळे त्याच्या जिवावर चालतात. आमचा कर्नल जगभरची माणसं मिळून, सगळ्यांना दिसेल असा उघड्यावर लिहितात. त्यातला फाइलसिस्टीम नावाचा भाग तुमच्या फायली डिस्कवर ठेवतो आणि मागाल तेव्हा परत देतो. त्यात एखादी चूक सापडली आणि सुधारली, की ती मागच्या दाराने पुन्हा आत येऊ नये म्हणून एक चाचणी लिहून ठेवतात. अशा शेकडो चाचण्यांमधली मी एक.

मला लिहिलं चिंतामण यांनी. इंदूरच्या मल्हारगंजात राहणारे, पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेले शिक्षक. एका दुपारी त्यांनी प्रश्नपत्रिका सेव्ह केली आणि तेवढ्यात वीज गेली. वीज आली तेव्हा फाइल होती, आत काहीच नव्हतं. दुसरा कुणी विजेला शिव्या देऊन गप्प बसला असता. यांनी अकरा दिवस खपून कर्नलमधली चूक शोधली, ती कळवली, आणि मग मला लिहिलं.

मी फाइलमध्ये पहिली ओळ लिहिते आणि फाइलसिस्टीमला सांगते, ही डिस्कवर पक्की कर. ती हो म्हणते. मग दुसरी ओळ लिहिते. ती पक्की करायला सांगत नाही. मग मी खोटी खोटी वीज घालवते. वीज आली की फाइल उघडून चिंतामण यांनी दिलेल्या उत्तराशी ताडून बघते. उत्तर दोन वाक्यांचं होतं. पहिली ओळ आहे. दुसरी ओळ नाही. जुळलं तर पास, नाही तर नापास.

पहिल्याच वर्षी कुणीतरी नकळत ती जुनी चूक परत आणली आणि मी ती पकडली. परदेशातून आभाराचं पत्र आलं. चिंतामण यांनी सराफ्याच्या खाऊबाजारातून मावाबाटीची मिठाई आणली आणि धाकटीने चोर पकडला असं घरात जाहीर केलं. ही धाकटी कोण, हे पत्नी शशिकलाबाईंना पटवून द्यायला त्यांना अर्धा तास लागला, कारण बाईंना माहीत असलेली मुलगी एकच होती, संहिता.

पुढची आठ वर्षं मी रोज चालले आणि रोज पास झाले. पास होणाऱ्या चाचणीकडे कुणी ढुंकून बघत नाही.

या फेब्रुवारीत चिंतामण गेले. मार्चमध्ये जयेशचं पत्र आलं.

जयेश इंदूरच्याच एका कंपनीत काम करतो. त्यांच्या नव्या मशिनांवर मी पाचात एकदा नापास होत होते. त्याने मला बदलून तो बदल, आमच्या भाषेत पॅच, मंजुरीला पाठवला. आमच्याकडे अशी दुरुस्ती मूळ लिहिणाऱ्यालाही आपोआप जाते. पत्ते काढणाऱ्या प्रोग्रामला माणूस आहे की नाही ते कळत नाही. 'चिंतामणजी, कृपया बघावं,' असं जयेशने लिहिलं होतं. उत्तर आलं नाही म्हणून आठवड्याने त्याने लिहिलं, 'पिंग.' आमच्यात आठवण करायची ही रीत आहे. पुढच्या आठवड्यात पुन्हा पिंग. त्याच्या पुढच्या आठवड्यात 'पिंग, काका, मी पण इंदूरचाच आहे.' चारही पत्रं संहिताने वाचली. ती स्वतः कर्नलवर काम करते, आणि वडिलांची टपालपेटी तिने बंद केलेली नव्हती. उत्तर मात्र तिने एकाचंही दिलं नाही.

शेवटी चिंतामण यांच्या जुन्या पत्रातल्या सहीखालचा पत्ता धरून जयेश घरीच आला. मी बाहेरच्या खोलीतल्या लॅपटॉपवर उघडीच होते.

"काका आहेत क्या?" त्याने विचारलं.

"ते नाहीत," शशिकलाबाई म्हणाल्या.

"कब तक येतील? मी बसतो ना, काही जल्दी नाही."

शशिकलाबाई पाणी आणायला आत गेल्या. काय झालं ते संहिताने सांगितलं. जयेश उभा राहिला, पुन्हा बसला.

"मी त्यांना तीन वेळा पिंग केलं, ताई."

"वाचलं मी," संहिता म्हणाली. "पण तुमचा पॅच गलत आहे."

"पास तो होतेय ना टेस्ट?"

"पास होतेय, हाच प्रॉब्लेम आहे."

आता या महाशयांनी काय केलं होतं ते ऐका. वीज घालवण्याआधी सगळी डिस्क पक्की करून घ्यायची, आणि दोन्ही ओळी आहेत असं उत्तर धरायचं. अहो, सगळं आधीच पक्कं करून घेतलं तर माझी गरजच काय? पहारेकऱ्याचे डोळे बांधायचे आणि चोरी थांबली म्हणायचं!

दुसऱ्या आवृत्तीत त्याने वीज घालवण्याआधी तीस सेकंद थांबायला सांगितलं. वीज काय सांगून जाते? तिसरीत त्यांच्या मशिनांवर मला चालवायचंच नाही असं ठरवलं. संहिताने तिन्ही परत केल्या. इकडे आमचा संग्रह सांभाळणाऱ्यांनी कळवलं की शुक्रवारपर्यंत तोडगा निघाला नाही तर ही चाचणी सगळ्यांसाठीच बंद.

बुधवारी संहिता माझ्यासमोर बसली आणि तिने मला वरपासून खालपर्यंत वाचलं. उत्तराच्या दुसऱ्या वाक्यावर ती थांबली. दुसरी ओळ पक्की करायला कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणजे ती असेलही, नसेलही. फाइलसिस्टीमने तिच्याबद्दल काहीच वचन दिलं नव्हतं. जुन्या मशिनांवर ती कधी उरली नाही, म्हणून चिंतामण यांनी 'नाही' लिहून टाकलं; नव्या मशिनांवर ती पाचात एकदा उरत होती. मित्रांनो, चूक माझ्यातच होती, पहिल्या दिवसापासून. नऊ वर्षं मी तेच ताठ मानेने विचारत आले. मलाही लाज वाटली.

तिने जयेशला कळवलं की पहिल्या ओळीचं उत्तर ठेवा, दुसरीचं काढा. चौथी आवृत्ती तशी आली. पण सोबतच्या टिपणात लिहिलं होतं, 'काही नव्या मशिनांच्या विचित्र वागणुकीमुळे हा बदल करत आहोत.' संहिताने फोन लावला.

"मशीनने काय वाईट केलंय तुमचं?"

"ताई, काकांची गलती आहे असं कसं लिहू? ते नाहीत आता. अच्छा नाही लगत."

"उद्या हे वाचून कुणी मशीन दुरुस्त करायला बसेल, जयेश. बाबांनी हा पॅच परतच केला असता. राहू दे, ते वाक्य मी लिहिते."

ते वाक्य लिहायला तिला पाऊण तास लागला. 'कदाचित' लिहिलं, खोडलं. 'त्या काळी' लिहिलं, खोडलं. शेवटी उरलं ते एवढंच: 'चिंतामण यांनी लिहिलेली दुसरी अपेक्षा चुकीची होती.' शशिकलाबाई मागून वाचत होत्या. खुर्ची ओढून शेजारी बसल्या.

पाचवी आवृत्ती जयेशच्या मशीनवर शंभर वेळा चालली, शंभर वेळा पास झाली. त्याला वाटलं, सुटलो. आमच्यात दुरुस्तीखाली आपलं नाव लिहिणं म्हणजे मी तपासलं, उद्या काही निघालं तर मलाही विचारा. संहिताने नाव लिहिलं नाही. जुनी चूक असलेला नऊ वर्षांपूर्वीचा कर्नल काढा आणि त्यावर चालवा, तिथे ही नापास व्हायलाच हवी, असं तिने सांगितलं. जयेश पुष्कळ कुरकुरला. शुक्रवारी दुपारी त्याने मला चालवलं.

मी पहिली ओळ लिहिली, पक्की करून घेतली, दुसरी लिहिली, वीज घालवली, वीज आणली. फाइल रिकामी होती.

"नापास," जयेश फोनवर म्हणाला. मग लगेच, "ताई, दिसतंय तिला अजून."

संहिताने चष्मा काढून पुसला आणि टिपणाखाली आपलं नाव लिहिलं.

मित्रांनो, चाचणी नापास झाली की तिला गप्प करायला धावू नका. आधी तिला विचारा, तू खरं सांगतेस की तुझंच चुकतंय? चुकत असेल तर चूक दाखवा, लिहिणाऱ्याचं नाव घेऊन दाखवा. त्याने त्याचा अपमान होत नाही. फक्त माझे डोळे तेवढे बांधू नका.