बाजाराच्या दिवशी ब्रेकर पडत नाई

तीस वर्षं शाळेत शिकवलं, एका लेकराले कधी गाढव म्हटलं नाई. पण या उन्हाळ्यात मी एका जनरेटरले गाढव म्हटलं, नालायक म्हटलं, अन् त्याच्या पत्र्यावर चप्पलही हाणली. त्यानं काय फरक पडला? खटका पडायचा तो पडलाच.

मी ज्योत्स्ना. देवळीले एकटीच राह्यते. फुप्फुसं कामातून गेली, म्हणून दिवसाचे पंधरा तास नाकाले नळी लावून ऑक्सिजनच्या मशीनजवळ बसा लागते. मशीनले लाईट लागते, अन् उन्हाळ्यात आमच्याकडची लाईट नेमकी भर दुपारी जाते. आमचे हे होते तोवर दोरी ओढून सुरू करायचं जुनं जनरेटर होतं. दिवाळीनंतर हे गेले. माझ्यानं काही दोरी ओढणं होत नाई, म्हणून माझ्या पोरानं, शौनकनं, पुण्यात बसल्या बसल्या नवं बसवून दिलं. लाईट गेली का आपोआप सुरू, आली का आपोआप बंद. मोठं गुणाचं! फक्त पाच-सात मिनिटं चाले अन् खट्. ब्रेकर खाली. मंग मी छोटा सिलिंडर लावू, धापा टाकत अंगणात जाऊ, खटका वर करू. वर केला का पुन्हा खाली.

बरं, लपवायचीही सोय नाई. ब्रेकर पडला का शौनकच्या मोबाईलवर मेसेज जाते. तीन आठवड्यांत चौदा मेसेज गेले. शेवटी त्यानं फोनवर सांगून टाकलं का तो रविवारी गाडी घेऊन येईल. तोवर दुरुस्त झालं तर राहा, नाही तर सामान बांधून ठेव.

त्याचंही चुकीचं नव्हतं. पण पुण्याच्या सातव्या मजल्यावर, नवरा-बायको दिवसभर ऑफिसात, अन् मी काय भिंती मोजू? एकटंच राहायचं तं आपल्या घरात राहीन. मले हे घर सोडायचं नव्हतं, बस.

मेकॅनिक वर्ध्याहून आला. रोशन उईके, मूळचा आष्टीकडचा, चाळिशीतला माणूस, बोलणं मोजकं. त्यानं मेन स्विच पाडून जनरेटर सुरू केलं अन् वायरीले चिमट्याचं मीटर लावलं. ब्रेकर वीस अँपिअरचा, करंट सातच. म्हणजे लोड जास्त नाई. मंग फ्रीज, मोटर, पंखे, मशीन, सगळं बंद करून एक एक चालू केलं. जनरेटर घंटाभर शहाण्या पोरासारखं चाललं. तो गेला, दुसऱ्या दिवशी लाईट गेली अन् खट्.

दुसऱ्या खेपेलेही तसंच. जाताना त्यानं मले वही करायले सांगितलं. तारीख, वेळ, घरात काय चालू होतं, सगळं लिहा, मागचे तीन आठवडेही आठवून. मी मास्तरीण, लगेच रकाने आखले. खरं सांगू? ते लिहायले मले बरं वाटे. आज काय झालं, हे दिवसभरात दुसरं कोणी विचारतच नव्हतं.

शनिवारी तो तिसऱ्यांदा आला. वहीवरून बोट फिरवत बराच वेळ बसला. बाजाराच्या तिन्ही दिवशी लाईट गेलती, जनरेटर चाललं होतं, पण ब्रेकर पडला नव्हता.

"बाई, बाजाराले घरातून कोण जाते?"

"घरात आहे कोण? मी अन् पाल."

त्यानं कंपाउंडच्या भिंतीकडे पाहिलं. "अन् पलीकडून?"

पलीकडे वच्छलाबाई, बाजार कधी न चुकवणारी. तीही एकटीच, पोरगी अंजू नागपूरले. पण आमचं बोलणं सहा महिन्यांपासून बंद. ह्यांच्या तेरवीले तिनं भर पंगतीत शौनकले म्हटलं होतं का बाप्पा, मायले घेऊन जा, एकटी ठेवू नको. मले माझ्या घरातून काढणारी ही कोण? त्या दिवसापासून मी तोंड फिरवलं. तिनं पाठवलेली चटणीची वाटी तशीच वापस केली.

रोशननं न्हाणीमागचा टिनाचा तुकडा उचलला. खालून एक काळी वायर जनरेटरच्या डब्यातून निघून भिंतीपलीकडे गेलती. टेपवर सुतळी गुंडाळलेली. असा जोड जगात एकच माणूस मारत होता, आमचे हे. नवं जनरेटर बसवणाऱ्यानं जुन्या वायरी जशाच्या तशा जोडून दिल्या होत्या.

रोशननं समजावून सांगितलं. भाऊंनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, एकच तार पलीकडे नेली, परतीची तार वच्छलाबाईच्याच घरातली वापरली. जुन्या जनरेटरले त्याचं काही नव्हतं. नवा ब्रेकर मात्र जेवढा करंट गेला तेवढाच आपल्याकडे परत आला का पाह्यते, नाई आला तं चोरी झाली समजून पडते. त्यानं तपासलं तेव्हा गावात लाईट होती, म्हणून पलीकडे तिनं त्या वायरीचं बटण दाबलंच नाई.

चोरीच म्हणायची ही! माझं डोकं फिरलं. म्हटलं, कापून टाका.

त्यानं पकड काढली, पण भिंतीवरून वाकून पाहत थांबला. "एकच बल्ब आहे, बाई. भर दुपारी बल्ब काऊन लावते, ते विचारून या. मंग कापतो."

मी तणतणतच गेली. वच्छलाबाई ओट्यावर लुगड्यांची घडी घालून राह्यली होती. मी रागानंच विचारलं, ती शांतपणे बोलली.

"भाऊनं लावून देल्ला. म्हणे, लाईट गेली का हा बल्ब लावजो. जळत राह्यला तं समजजो का तिची मशीन चालू हाय. इझला तं धावत जाजो."

"मंग?"

"मंग काय? रोज लावतो, रोज इझते. मी रोज तुमच्या फाटकापर्यंत येतो. अंदरून तुमच्या शिव्या आयकू येतेत, तं समजते का बाई जित्या हायेत. वापस जातो."

मी तिथंच ओट्यावर बसली. तेव्हा कुठं माझं लक्ष बोचक्यांकडे गेलं. तीन बोचकी, एक ट्रंक. अंजूनं बोलावलं होतं, कायमचं. उद्याच जायचं होतं.

"नका जाऊ," मी म्हटलं. सहा महिन्यांत तिच्यासाठी मायेचे एवढेच दोन शब्द निघाले.

"पोरीनं खोली रंगवली आता," ती म्हणाली. "दिवसभरात कोनी एक शब्द तं बोलाले पायजे ना, मास्तरीणबाई."

मी वायर कापू देली नाई. रोशननं परतीची तारही टाकून देली, मेन स्विच पाडला, वच्छलाबाईनं बटण दाबलं. बल्ब घंटाभर जळला. ब्रेकर हलला नाई.

रविवारी शौनक आला. वही पाहून हसला, जनरेटर दोनदा चालवून पाहिलं, म्हणाला, आई, आता तुला कोणी हलवत नाही. अन् मले न्यायले आणलेल्या गाडीत त्यानं वच्छलाबाईची बोचकी ठेवली. तिले वर्ध्याच्या स्टेशनवर सोडून तो तसाच पुण्याले गेला.

सोमवारी दोन वाजता लाईट गेली. जनरेटर चालू झालं अन् चालतच राह्यलं. थोड्या वेळानं शौनकचा फोन आला, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लाईट गेल्याचं वाचलं, पण एकही मेसेज आला नाही, मस्त ना?

मी म्हटलं, हो रे, मस्त. फोन ठेवला अन् नळी नाकात असतानाच मोठ्यानं रडली. फाटकापर्यंत कोणी आलं नाई.