तू फक्त बस

शाळेची बस चालवणाऱ्या ताईला सगळी गल्ली बसवाली म्हणत असे. अकरा वर्षांत तिच्या परवान्यावर एकही शिंतोडा उडाला नव्हता. धाकट्या भावाचं नेमकं उलटं. वकिलाच्या कचेरीत कारकून, कायद्याची कलमं जिभेच्या टोकावर, आणि स्वतःचा परवाना मात्र वेगाच्या नादापायी सहा महिने निलंबित.

शनिवारी दुपारी तो तिच्या दारात आला.

"ताई, उभ्या उभ्या गाडीची बॅटरी बसलीय. ढकलत खाली गॅरेजपर्यंत न्यायचीय. तू फक्त बस."

"बस म्हणजे? चालवू?"

"इंजिन बंद, मग कसलं चालवणं? स्टीअरिंग धरून बसायचं. बसवाली ना तू, मग बस की."

ताई हसली. हात पुसून निघाली. गाडीत बसताच सवयीने सीट पुढे घेतली, आरसा आपल्या डोळ्यांपुरता वळवला.

भावाने मागून खांदा लावला. उतार लागला तशी गाडी आपसूक पळायला लागली. इंजिन बंद, त्यामुळे ब्रेक दगडासारखा. तिने दोन्ही पाय रोवले, तरी कोपऱ्यावरच्या शिंप्याची स्कूटर आडवी झालीच. कोणाला लागलं नाही, पण शिंप्याने पोलिसांना फोन केला.

ठाण्यात टेबलामागच्या पोलीसबाईंनी विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?"

ताईने भावाकडे पाहिलं. लहानपणी त्याच्या प्रगतिपुस्तकावर आईची सही तिने ठोकली होती आणि बोलणीही तिनेच खाल्ली होती. आज तो बोलेल, असं तिला वाटलं.

"ताई चालवत होती," तो म्हणाला. कचेरीत वाचून दाखवतात तसा आवाज.

"अहो, इंजिन तर बंद होतं," ताई म्हणाली.

"स्टीअरिंग तुमच्या हातात, ब्रेक पायाखाली, आणि गाडी रस्त्यावर हलत होती," पोलीसबाई म्हणाल्या. "कायद्यात त्यालाच चालवणं म्हणतात, इंजिन असो नसो. आणि गाडीचा विमा संपून दोन महिने झालेत."

विमा नसलेल्या गाडीचा गुन्हा परवान्यावर चढला, की शाळा तिला मुलांच्या बसला हात लावू देणार नव्हती. नेमणुकीच्या कागदावरच तसं लिहिलेलं होतं.

पोलीसबाई झेरॉक्स काढायला आत गेल्या.

"विमा संपल्याचं तुला ठाऊक होतं?"

भाऊ टेबलावरच्या स्टेपलरशी चाळा करत होता. "मी बसलो असतो तर निलंबित परवान्यावर थेट कोर्ट, ताई. अशीच केस गेल्या महिन्यात टाइप केली मी. त्यात ढकलणारा सुटला. तुझं रेकॉर्ड स्वच्छ आहे, तुला समज देऊन सोडतील."

"मग आधी का नाही बोललास?"

"बोललो असतो, तर तू बसली असतीस?"

ताई त्या स्टेपलरकडे बघत राहिली. त्याला 'चालवणं' या शब्दाचा कायद्यातला अर्थ माहीत होता, म्हणूनच त्याने 'बस' हा दुसरा शब्द वापरला होता.

पोलीसबाई परत आल्या. "आणखी काही लिहायचंय जबाबात?"

"गाडी मी चालवत होते," ताई सावकाश म्हणाली. "ते खरंच आहे. पण गाडी ह्याची. मला बसवलं ह्याने. विमा संपल्याचंही ह्याला ठाऊक होतं. तेही लिहा."

पोलीसबाईंनी मान वर केली. "ठाऊक असून मालकाने गाडी दुसऱ्याच्या हातात देणं हा वेगळा गुन्हा आहे." त्यांनी खणातून दुसरा कोरा फॉर्म काढला.

"ताई," भाऊ म्हणाला आणि स्टेपलर खाली ठेवला.

सह्या करून दोघं बाहेर व्हरांड्यात आली. भिंतीशी बाक होता.

"दमलीस तू. जरा बस," भाऊ म्हणाला.

ताई उभीच राहिली. तिने शाळेचा नंबर लावला.

"सोमवारी मुलांना आणायला दुसरं कोणी पाठवा. मी येणार नाही, का ते भेटून सांगते. आणि तिसऱ्या थांब्यावरची धाकटी आहे ना, तिला पुढच्याच सीटवर बसवायला सांगा. मागे तिला उलटी होते."