मला परत कपाटात ठेवू नका

मी लेन्स बोलतेय. कॅमेऱ्याच्या तोंडाशी बसवलेली, गोल, काचेची. जरा हळूच बोलतेय, कारण पनवेलच्या एका दुरुस्तीच्या दुकानात मी टेबलावर उताणी पडले आहे आणि कल्पेश नावाचा माणूस बारीक टोकाचा स्क्रूड्रायव्हर माझ्याभोवती फिरवतोय. वर तो गाणं गुणगुणतोय. ज्याचं काहीच जाणार नसतं, त्यालाच असं गुणगुणता येतं.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथली माणसं नाकातोंडाला फडकं बांधून, केसांवर टोपी चढवून काम करायची. काचेवर कण बसू नये म्हणून श्वाससुद्धा जपून घ्यायची. त्यांनी मला घासलं, तासलं, काचेमागे काच बसवून पुरी केली, आणि त्या सगळ्या जपणुकीतून माझ्या मनात एकच गोष्ट पक्की बसली: धूळ, पाणी, माणसांची बोटं, सगळे आपल्या वाईटावर आहेत. मी भित्री निघाले ती अशी.

मला विकत घेतलं गव्हाणच्या सुभाषकाकांनी. बंदरावरची नोकरी पक्की झाली त्या आनंदात. कॅमेरा आणि मी एकाच खोक्यातून त्यांच्या घरी आलो. प्रमिलाकाकूंनी आमच्यापुढे नारळ फोडला. लवकरच काकांच्या चुलतभावाची हळद आली आणि काका मला गळ्यात घालून ऐटीत फिरले. त्या घरात हळद काही नवऱ्यापुरती नसते. हाताला लागेल तो पिवळा होतो. गर्दीतून कुणाचं तरी पिवळं बोट आलं आणि थेट माझ्या काचेवर टेकलं.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी सदऱ्याच्या टोकानं मला पुसलं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलं आणि लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. खरं सांगते, मला तेव्हा बरंच वाटलं होतं. वाटलं, सुटले. आता कुणी हात लावणार नाही.

कुणी लावला नाही. वर्षं गेली.

खाडीकाठचं घर ते. पावसाळ्यात भिंतींना घाम फुटायचा. कपाटात डांबरगोळ्यांचा वास कोंडलेला, पिशवीत माझा जीव कोंडलेला. एका पावसाळ्यात माझ्या आतल्या काचेवर एक पांढरा ठिपका उमटला. अगदी बारीक, कणीएवढा. मी स्वतःला समजावलं, धूळ असेल. पण धूळ वाढत नाही. त्याला एक धागा फुटला. मग दुसरा. मुळं पसरावीत तसे ते कडेकडून मधे सरकू लागले. ते सरकताना मला कळायचं. अंधारात, आपल्याच डोळ्यात काहीतरी उगवतंय, आणि हाक मारायला तोंड नाही, ही भीती कशी असते ते कुणाच्या वाट्याला न येवो.

बाहेर काका पाहुण्यांना सांगत असायचे, आपल्याकडं कॅमेरा हाय, एकदम नवा, नीट ठेवलाय. मोठ्या माणसांचा हा 'नीट ठेवलाय' शब्द मला आता ऐकवत नाही. मी नीट ठेवल्या ठेवल्या आंधळी होत होते.

मग मोनाली आली. काकांच्या थोरल्या भावाची मुलगी. आईवडलांबरोबर करंजाड्याला राहते, पनवेलच्या कॉलेजात शिकते. तिथे तिनं फोटोग्राफीच्या वर्गात नाव घातलं होतं. काका म्हणाले, आधी नीट शिकून ये, मग हात लाव.

"काका, तुमी होडी काय ओट्यावर बसून शिकलात?" तिनं विचारलं.

काकांनी आवाज चढवला. तेवढ्यात काकूंनी कनवटीची किल्ली काढून कपाट उघडलं. "घेऊन जा गो. यांना मी बघते."

काकांनी जाता जाता अट घातलीच: नारळी पुनवेपर्यंत. त्या दिवशी फोटो दाखव. बरे असले तर ठेव, नाहीतर कॅमेरा परत कपाटात. मोनाली हो म्हणाली. त्या पोरीला काय माहीत, तिनं माझ्या डोळ्यांवर पैज लावली होती.

वर्गात सुशांतसर शिकवायचे. माझ्या आतलं भोक लहानमोठं होतं ते डोळ्याच्या बाहुलीसारखं, उजेड कमी तर मोठं करा. शटर म्हणजे पापणी, ती किती वेळ उघडी ठेवायची ते आपण ठरवायचं. मोनालीचे पहिले फोटो काळेकुट्ट आले, पुढचे पांढरेफेक. मग सगळी माणसं भुतासारखी हललेली आली. ती स्वतःला हसायची आणि पुन्हा काढायची. कोपरं बरगड्यांना टेकवून ती श्वास रोखायची तेव्हा तिची धडधड माझ्यापर्यंत पोचायची. माझी तर आधीपासूनच चालू असायची. रिक्षातले खड्डे, एसटी स्टँडवरची धक्काबुक्की, मासळीबाजारातलं खारं पाणी. दरवेळी वाटायचं, आज मी फुटणार.

त्याच बाजारात ठमाबाई बसते. तोंडात दात नाहीत, पण कोलंबीचा भाव सांगताना अख्खा बाजार ऐकतो. मोनालीनं मला तिच्याकडे वळवलं तर ती म्हणाली, "मासलीचा काढ ना, माजा कशाला?" मोनाली हटेना, तेव्हा म्हणाली, "मंग थांब. दात लावून येतंय."

आणि खरंच आली. ताडपत्रीच्या सावलीतला तो फोटो छान निघाला. डोळे धारदार, मागची गर्दी मऊ विरघळलेली. मोनाली तो दिवसभर पुन्हा पुन्हा बघत होती. जिन्यात बघितला, रिक्षात बघितला, जेवताना आईची बोलणी खात बघितला.

पण समोर उजेड आला की मी तोंडघशी पडायचे. तळ्यावरची संध्याकाळ, खिडकीतला चेहरा, ओल्या रस्त्यावरचं ऊन, सगळ्यावर दुधाची साय. माझ्या आतल्या धाग्यांवर उजेड पसरायचा आणि चित्र धुऊन न्यायचा. सरांनी फोटो बघितले आणि म्हणाले, उजेडाकडे तोंड करून काढू नकोस, किती वेळा सांगायचं, बेसिक आहे हे. त्यांनी मला हातात घेतलं नाही. एकदा खिडकीसमोर धरून आरपार बघितलं असतं तरी कळलं असतं. पण मुलीचं चुकतंय हे त्यांचं आधीच ठरलं होतं.

मोनालीनं सगळे आकडे पाठ केले. भोक लहान करून बघितलं, मोठं करून बघितलं. पांढुरकेपणा हटेना. एका संध्याकाळी करंजाड्याच्या गच्चीवर तिनं कॅमेरा मांडीवर ठेवला आणि शेजारी बसलेल्या आईला म्हणाली, "नाही गं जमत मला. मी ढ आहे."

कपाटात मला स्वतःसाठी भीती वाटायची. त्या संध्याकाळी पहिल्यांदा तिच्यासाठी वाटली. ही पोर माझ्यामुळे हे सोडून देणार आणि जन्मभर स्वतःला ढ म्हणणार.

नारळी पुनवेला आम्ही गव्हाणला गेलो. पाऊस उघडला होता. खाडीकडेला गावातली माणसं नटूनथटून जमलेली, होड्यांवर पताका आणि दिव्यांच्या माळा. सुभाषकाका नारळ हातात धरून पाण्यात उतरले. मोनालीनं भोक पूर्ण उघडं ठेवलं, काकांच्या चेहऱ्यावर नजर बसवली आणि फोटो काढत सुटली.

घरी येऊन तिनं फोटो लॅपटॉपवर लावले. काका, काकू, सगळे भोवती. काकांचा चेहरा धुरकट. काका म्हणाले, "नवीकोरी वस्तू होती. मी डाग पडू दिला नव्हता. तुझ्या हाती दिली आनि वाट लागली." आणि त्यांनी कॅमेऱ्याकडे हात केला. मला कपाटाचा वास आला. अजून दार उघडलंही नव्हतं, तरी आला.

मोनाली पडद्याकडे बघत होती. काकांच्या मागे होड्यांवरचे दिवे होते. नजर काकांवर असल्यामुळे ते दिवे फुगून मोठाले गोळे झाले होते. तिनं एक गोळा मोठा केला. त्यात बारीक फांद्यांचं जाळं होतं. दुसरा मोठा केला. तेच जाळं, त्याच बाजूला. प्रत्येक दिव्यात माझ्या आतला रोग उमटला होता.

तिनं मला कॅमेऱ्यातून सोडवलं, मोबाइलचा उजेड मागे धरला आणि माझ्या आत डोकावली. इतकी वर्षं कुणी असं बघितलं नव्हतं. मला लाज वाटली आणि भीतीही वाटली, की आता ही मला टाकून देणार.

"बुरशी आहे," ती म्हणाली. आवाजात राग होता. "काका, ही एका पावसाळ्यातली नाय."

तूच भिजवलीस, खाडीवर नेत होतीस, असं काका म्हणत राहिले. तशी प्रमिलाकाकू उठल्या. कपाट उघडलं, तळाशी ठेवलेलं खोकं आणलं आणि काकांच्या पुढ्यात उघडं केलं. लग्नाकार्याला घालायचे म्हणून जपून ठेवलेले काकांचेच चामड्याचे बूट होते त्यात. टाचेपासून टोकापर्यंत पांढरी लव चढलेली.

"हे पन मोनालीनंच भिजवलं का?"

काकांनी बूट हातात घेऊन बोटानं लव पुसली आणि बोटाकडे बघत बसले. मग हळूच म्हणाले, "माज्या हातून खराब व्हायला नको म्हणून ठेवलेली गो."

मला वाटलं, संपलं एकदाचं. तर लगेच पुढचं वाक्य आलं: आता हिला तांदळात ठेवू, कोरड्या जागी, पुरी बरी होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. म्हणजे कपाटच. दुसरं, पण कपाटच. घाबरणारी माणसं किती चिवट असतात ते मी त्या दिवशी बघितलं.

दुसऱ्याच दिवशी मोनाली मला घेऊन पनवेलला या दुकानात आली. काका मागोमाग आलेच. कल्पेशनं मला उजेडावर धरून सांगितलं, उघडावी लागेल. बुरशी पुसली जाईल, पण तिनं काच खाल्ली असेल तर डाग राहील. उघडताना एखादी काच हलली तर पहिल्यासारखी नीट बसेलच असं नाही. न उघडता ठेवली, तर आहे तशी सावलीतले फोटो काढेल, पण जाळं वाढत जाईल.

काका लगेच म्हणाले, राहू दे. घरी नेऊ.

मोनाली त्यांच्याकडे वळली. "आंधळी झाली तरी माझ्याकडे राहील. मी तिच्यावर शिकेन. पण कपाटात नाय, काका. तुमी घाबरता त्याची शिक्षा तिला का?"

वस्तू काकांची होती. एका 'नको'वर मी पिशवीत जाणार होते. काकांनी मला उचललं, आत बघितलं. त्यांचा मोठा, पिवळसर डोळा माझ्यासमोर आला. मग त्यांनी मला टेबलावर ठेवलं आणि कल्पेशला म्हणाले, "उघड."

एवढं बोलून ते बाहेर जाऊन उभे राहिले. त्यांना बघवत नव्हतं.

आता माझं पहिलं कडं निघालं आहे. ज्या काचेला कधी वारा लागला नव्हता तिला वारा लागतोय. माझ्या काचा एकेक करून पांढऱ्या कागदावर मांडल्या आहेत, आणि ज्या काचेत माझा जीव अडकलाय ती कल्पेशच्या चिमटीत आहे. काचेत सगळं उलटं दिसतं. मोनाली डोकं खाली, पाय वर करून बसली आहे आणि नखं खातेय. दाराबाहेर काका उलटे लटकलेत.

मला फार भीती वाटतेय. डाग जाईल की राहील, मी पुन्हा जुळेन की नाही, मला माहीत नाही. तुम्हाला एवढंच सांगते: तुमच्या घरात 'नीट ठेवलेलं' काही असेल, तर आज उघडून बघा. त्याला हाक मारता येत नाही.

आणि मोनाली, तुला एक सांगायचंय. तू ढ नव्हतीस. मीच तुला धुरकट दाखवत होते. ही काच पुसूनही पांढुरकी राहिली, तर मला सावलीत ने, उजेडाकडे पाठ करून उभी राहा, पण ने. पडले तर पडेन. तुझ्या हातून पडेन.

कल्पेशचं गुणगुणणं थांबलं आहे. तो काच ट्यूबलाइटसमोर धरतोय. मोनाली उठून जवळ येतेय.