नकाशात नसलेले चाळीस फूट

मी एक जुनी लाकडी काठी आहे, मित्रांनो. पण चालताना टेकायची नव्हे, ऐकायची. माझं एक टोक निमुळतं आहे आणि दुसरं वाटीसारखं खोलगट. निमुळतं टोक रस्त्यावर टेकवायचं, वाटी कानाला लावायची. जमिनीखालचा पाण्याचा पाइप कुठे गळत असेल तर त्याचा आवाज माझ्यातून वर चढतो. फुस्स असा, बारीक. कान तयार असेल तरच कळतो.

पाणीपुरवठा खात्याच्या सुताराने मला मोडीत निघालेल्या दाराच्या चौकटीतून घडवलं. पहिल्याच दिवशी मी ज्यांच्या हातात गेले, त्यांच्या हातात पुढे तीस वर्षं राहिले. हजेरीपटावर त्यांचं काही का नाव असेना, सगळं खातं त्यांना कानसेन म्हणायचं. कारण ते गाडी-घोड्यांच्या गोंगाटातही डोळे मिटून गळती सांगायचे. "इथे खणा," म्हणाले की तिथे पाणी लागायचंच. लोक त्यांचं कौतुक करत आणि ते माझं. घरी जाताना ते मला बरोबर नेत आणि दारामागच्या खुंटीला टांगत.

आमच्या शहराचं दुखणं जुनंच होतं. तलावातून दहा बादल्या पाणी निघालं, तर चार वाटेतच मातीत मुरत. चढावरच्या वस्तीत तर नळ जेमतेम पंधरा मिनिटं यायचा. नवा तलाव बांधायचा तर दोन गावं बुडवावी लागणार होती. अशात समुद्रापलीकडच्या एका शहराशी आमच्या शहराचा करार झाला. त्यांनी आपली गळती निम्म्यावर आणली होती. ते आम्हाला ती विद्या देणार. आमच्याकडे ओल्या कचऱ्याचं खत चांगलं होत असे. ते आम्ही त्यांना शिकवणार. देवाणघेवाण बरोबरीची होती.

तिकडून एक इंजिनिअर बाई आल्या, सोबत एक दुभाषा आणि यंत्रांच्या दोन पेट्या. पाइपच्या दोन टोकांना दोन यंत्रं चिकटवायची. गळतीचा आवाज दोन्हीकडे पोहोचायला किती वेळ लागतो, त्यावरून यंत्र जागा सांगतं. मी खुंटीवरच राहणार, हे मला तेव्हाच कळलं. कानसेनांनाही कळलं असावं. "चुकू दे एकदा, मग बघू," असं ते घरी महिनाभर म्हणत होते.

आणि यंत्र चुकलं! चढावरच्या वस्तीकडे जाणाऱ्या पाइपमधली गळती शोधायला दहा दिवस ठरले होते. आठ दिवसांत तीन खड्डे झाले, तिन्ही कोरडे. रस्त्याची चाळण झाली. आमच्या साहेबांनी सांगून टाकलं, उद्या शेवटचा खड्डा. तो कोरडा निघाला तर हा भाग 'जमला नाही' म्हणून सोडायचा आणि यंत्रं दुसऱ्या शहराला जाणार.

त्या संध्याकाळी कानसेन घरी आले, ते ताटावर नुसते बसून राहिले.

"यंत्र चुकलं ना? मग तोंड का पाडलंय?" त्यांच्या बायकोने विचारलं.

"यंत्र नाही चुकत. मी चुकलोय."

मग त्यांनी सांगितलं ते मीही तिथेच ऐकलं. अकरा वर्षांपूर्वी त्या रस्त्याखालचा लोखंडी पाइप फुटला होता. गोदामात लोखंडी तुकडा नव्हता, लोक खोळंबले होते. कानसेनांनी चाळीस फूट प्लास्टिकचा पाइप जोडून वेळ भागवली. नकाशावर उद्या चढवतो म्हणाले. तो उद्या काही उगवला नाही. लोखंडातून आवाज झपाट्याने जातो, प्लास्टिकमधून रेंगाळत. यंत्राला मात्र नकाशा पाहून सगळा पाइप लोखंडीच सांगितलेला.

"मग जाऊन सांगा."

"नोकरीची दोन वर्षं राहिलीत. साहेबांसमोर, त्या परक्या बाईसमोर सांगू, की कानसेन अकरा वर्षं झोपा काढत होता?"

"जमिनीतलं सगळं ऐकू येतं तुम्हाला," ती म्हणाली. "चढावरच्या बायका रिकाम्या बादल्या आपटतात, तेवढं नाही ऐकू येत?"

त्यांनी ताट दूर सारलं.

"आणि परक्या बाईचं काय घेऊन बसलात? मध्ये दुभाषा आहे. अर्धी लाज तो खाईल." तिने ताट पुढे सरकवलं. "आता जेवा. उपाशीपोटी खरं बोलवत नाही."

सकाळी त्यांनी मला खुंटीवरून काढलं आणि बरोबर नेलं. चौथ्या खड्ड्यासाठी कुदळी आल्या होत्या. कानसेन साहेबांसमोर उभे राहिले आणि सगळं एका दमात बोलून गेले.

"अहो, अकरा वर्षं!" साहेब ओरडले. "तीन खड्डे झाले, आणि तुम्ही शेजारी उभं राहून बघत होतात?"

"बघत होतो," कानसेन म्हणाले. "तेच सांगतोय. नकाशा राहिला ती एक चूक. आठ दिवस तोंड उघडलं नाही, ती त्याहून मोठी."

दुभाष्याने हे बाईंना सांगितलं. बाई बराच वेळ बोलल्या. कानसेन मान खाली घालून उभे.

"बाई म्हणतात," दुभाषा म्हणाला, "असे तुकडे त्यांच्या शहरातही ढिगाने आहेत. पण सांगायला कोणी पुढे येत नाही. जे होते ते रिटायर झाले. त्या विचारतायत, तुकडा कुठून कुठपर्यंत आहे?"

कानसेनांनी पावलं मोजून दाखवली. बाईंनी नवी माहिती यंत्रात भरली, आणि यंत्राने दाखवलेली जागा एकदम सतरा पावलं सरकली. बरोबर तिथे, जिथे लोखंड आणि प्लास्टिक एकमेकांना जोडलं होतं. कानसेनांनी मला तिथे टेकवलं. मित्रांनो, तो आवाज मी आजही विसरले नाही. त्यांनी नुसती मान डोलावली आणि मला बाईंच्या हाती दिलं. बाई गुडघ्यावर बसल्या, वाटीला कान लावला आणि हसल्या. चार फूट खणल्यावर चिखल लागला, मग पाणी. जोड बदलला. दुसऱ्या दिवशी चढावरचा नळ तासभर चालू होता. एक म्हातारी बादली भरल्यावरही नळ बंद करेना. "थांब जरा, बघू दे," म्हणत होती.

साहेबांचा राग उतरला होता, पण पुरता नाही. "असे अजून किती तुकडे आहेत?" त्यांनी विचारलं.

"बसून आठवावं लागेल," कानसेन म्हणाले.

ते बारा दिवस बसले. त्यांनी सांगायचं आणि साहेबांनी लाल पेन्सिलीने नकाशावर चढवायचं. त्र्याहत्तर दुरुस्त्या निघाल्या. नकाशा गोवर आल्यासारखा दिसू लागला. बाईंनी तो नकाशा पाहून आपल्या शहराला कळवलं: यंत्रं थांबवा, आधी जुनी माणसं गोळा करा.

आता आमच्याकडे यंत्रंच ऐकतात आणि चांगलं ऐकतात. कानसेन निवृत्त झाले, जाताना मला खात्यात ठेवून गेले. मी कपाटामागे आहे, झाडूच्या शेजारी. अंगावर धूळ असते. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. कोणी फडकं मारलं तर बरं वाटेल, इतकंच.

मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. मागच्या महिन्यात समुद्रापलीकडून पत्र आलं. साहेबांनी ते मोठ्याने वाचलं. तिकडच्या लोकांनी आपले अकरा जुने कामगार शोधून काढले होते. नऊजण आले, चहा पीत, भांडत, एकमेकांच्या चुका काढत सगळं सांगून गेले. दोघांच्या घरी माणूस पोहोचला तेव्हा ते गेलेले होते. एकजण तर आदल्याच आठवड्यात. त्या दोघांच्या भागात अजूनही जागोजागी खणून बघावं लागतं.

मित्रांनो, वस्तू जपा, पाणी जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढंच सांगेन: तुमच्या घरात किंवा कामावर कोणी असेल, ज्याच्या डोक्यात कुठेच न लिहिलेलं काही आहे, त्याच्याजवळ जाऊन बसा. तो आपणहून बोलणार नाही. तुम्ही विचारा. सवडीने विचारू म्हणू नका. आज विचारा.